काय पाहिलंत?

उजवा पंजा वाहतुकीच्या शिपायासारखा वर करायचा आणि म्हणायचा, "थांबा. दिवे लावा."

दिवे लागायचे. मशीनची घरघर बंद पडायची. पडद्यावर नुकतंच कुणीतरी दार ढकलून आत डोकावलेलं असायचं. आत काय आहे हे कळायच्या आधीच आम्ही सगळे देवासच्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, लोखंडी खुर्च्यांवर, डोळे चोळत परत आलेले असायचो. मग तो पडद्यासमोर उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघायचा.

"बोला. काय पाहिलंत?"

तुमच्याही गावात असा एखादा असेल. एक गोष्ट जिवापाड आवडते, आणि ती दुसऱ्या कुणाला सुखाने आवडू द्यायची नाही असा पण केलेला. मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलावेत म्हणतात. मला ते जमायचं नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत होते, इथे करणार नाही.

देवासला कारखाने आले आणि त्यांच्यामागून आमच्यासारखी घरं आली. हे सांगलीकडचे, मी धारची. तो ह्यांच्याच कारखान्यात स्टोअर्सचा साहेब होता. लग्न केलेलं नव्हतं. कुणाची हिंमत झाली नसावी असं आम्ही बायका म्हणायचो. मराठी मंडळ निघालं तेव्हा कुणी गणपती बघायचा, कुणी नाटक. ह्याने सिनेमा घेतला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता पिक्चर. इंदूरहून पत्र्याच्या पेटीतून रिळं यायची आणि बाबू नावाचा ऑपरेटर सोळा मिलिमीटरचं मशीन चालवायचा.

सहाला हा दाराला आतून कडी घालायचा. मग बाहेर कारखान्याचा मोठा साहेब उभा असो की आमच्या शेजारची पोटुशी बाई, पहिल्या दहा मिनिटांत दार उघडायचं नाही. ती बिचारी एकदा पायरीवर बसून राहिली. तिच्या नवऱ्याने आतून विनवण्या केल्या तर हा म्हणाला, "सुरुवात गेली त्यांची. आता आत येऊन काय करणार?"

आणि शेव. माळव्यात राहून शेवेशिवाय पिक्चर बघायचा म्हणजे काय, तुम्हीच सांगा. हा दारातच पुड्या काढून घ्यायचा आणि मध्यंतरात परत द्यायचा. तोवर ती सादळलेली असायची. आम्ही ती सादळलेली शेव चघळत त्याला शिव्या घालायचो.

त्याचं म्हणणं एकच होतं. पिक्चरची पहिली दहा मिनिटं म्हणजे पिक्चर, बाकी सगळा हिशेब पुरा करणं. "कॉलर धरली पाहिजे, वहिनी," तो मला म्हणायचा. "पहिल्या झटक्यात माणसाची कॉलर धरली पाहिजे. सोडली की तो शेव खायला लागतो." कुठल्या पिक्चरमध्ये आधी नुसता अंधार आणि रहाटाचा आवाज आहे, चित्र मागून येतं. कुठे नायकाचे फक्त बूट दिसतात, तोंड दाखवायला मुद्दाम उशीर केलाय. कुठे कॅमेरा डोंगरावरून अख्खं गाव दाखवत दाखवत एका खिडकीपाशी येऊन थांबतो, म्हणजे एवढ्या घरांतून आपल्याला एकच घर निवडून दिलं. खोटं कशाला बोलू, हे तो सांगायचा तेव्हा ऐकावंसं वाटायचं. पण तेवढ्यावर थांबेल तर तो कसला. "माणसाची नजर गुरासारखी असते," तो पुढे म्हणायचाच. "वळवावी तिकडे वळते. आणि वळवणारा मी नाही, कॅमेरा." आम्ही गुरं मुकाट्याने बसून राहायचो.

गंमत म्हणजे शेवट त्याने क्वचितच पाहिले असतील. सुरुवात मनाजोगी नसली तर उठून बाहेर जाऊन विडी ओढत बसायचा. कुणी विचारलं, पुढे त्या मुलीचं लग्न होतं का हो, तर खांदे उडवायचा. "शेवट कुणालाही करता येतो." आमच्या धाकट्याच्या बारशाला जेवून गेला आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना कारखान्यात म्हणाला, बेत उत्तम होता, पण सुरुवातीला उगाच वेळ गेला. मी पाळणा म्हणत होते तो वेळ.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

माझे वडील, नाना, धारला शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर अधूनमधून अमझेऱ्याला एका जुन्या मित्राकडे जायचे. एकदा असेच गेले तर तिथल्या आठवडी बाजारात सिनेमावाले आलेले. त्यांना बाजार हवा होता, बाजारात माणसं हवी होती, आणि नाना समोरून चालले होते. संध्याकाळी घरी आले ते कुरकुरतच. "चार वेळा चालवलं मला. एकदा म्हणे छत्री नको, मग म्हणे छत्रीच हवी. इकडे बघू नका म्हणे, सरळ चला. गुडघे गेले माझे." आईने तेल कोमट केलं आणि त्यांचे गुडघे चोळत बसली. "कुणी सांगितलं होतं नट व्हायला?" ती म्हणाली. मी तेव्हा माहेरी होते. नाना डोळे मिटून हसत होते ते मला अजून दिसतं.

त्याच हिवाळ्यात नाना गेले. घरात त्यांचा धड फोटोही नव्हता. शाळेच्या एका ग्रुप फोटोत होते, पण नेमके त्या वेळी कुणाला तरी ओरडायला वळलेले.

तो बाजाराचा पिक्चर धारच्या टॉकीजला लागला तेव्हा नानांचं वर्ष व्हायचं होतं. भावाने आईला परोपरीने सांगितलं की नुसती सुरुवात बघून ये, कुणाला पत्ता लागणार नाही. आमच्या घरची रीत जुनी. वर्षाच्या आत बाईने तमाशा, सिनेमा, काही नाही. "त्यांनाच बघायला जायचं आणि त्यांचंच वर्ष मोडायचं?" आई म्हणाली. पिक्चर आठवडाभर चालला आणि उतरला.

मी तो इंदूरला जाऊन पाहिला. अगदी सुरुवातीलाच बाजार, वरून कॅमेरा हळूहळू खाली येतो, आणि डावीकडून नाना येतात. काळी टोपी, बगलेत छत्री, पाय जरा ओढत. मधे खाली पडलेलं काहीतरी ओलांडतात आणि उजवीकडे निघून जातात. मग घोड्यावरून नायिका येते आणि सगळा बाजार बाजूला होतो. मी थिएटरात तोंडाला पदर लावून रडले. आईला सगळं सांगितलं तर तिने विचारलं, "कोटाचं वरचं बटण लावलं होतं का गं?" ते मी बघितलंच नव्हतं. आई म्हणाली, "मी बघितलं असतं."

वर्ष झालं, पण पिक्चर कुठेच लागेना. तेव्हा मी ह्या माणसाकडे गेले. मंडळात हा पिक्चर आणा म्हटलं. खरं कारण सांगितलं नाही. पडद्यावर आपलं माणूस, आपलं गाव शोधणाऱ्यांचा त्याला भयंकर तिटकारा होता. मागे एकदा कुणी ओळखीचा घाट दिसला म्हणून आनंदाने ओरडला, तर ह्याने पिक्चर थांबवून त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. म्हणून मी त्याला आवडेल तेच बोलले. "सुरुवात बघण्यासारखी आहे," म्हटलं. त्याचे डोळे चमकले.

आई आदल्या दिवशीच बसने आली. मी तिला दाराच्या कडीबद्दल इतकं घाबरवून ठेवलं होतं की रविवारी हॉल उघडायच्या आधी आम्ही दोघी पायरीवर हजर. तिने ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं. तिला नीट दिसावं म्हणून मी पहिल्या रांगेत बसवलं. सहा वाजले, कडी लागली, दिवे गेले. आईने माझा हात धरला.

अंधारात टापांचा आवाज आला. आणि मग एकदम पडदाभर घोड्याचे पाय.

मला वाटलं बाजार मागून असेल, मीच विसरले असेन. नायिका उतरली, बोलायला लागली. बाजार नाही. आई कानाशी कुजबुजली, "येऊन गेले का गं?"

"नाही अजून."

"माझी नजर आता तशी राहिली नाही. मला दिसले नसतील."

मी काही बोलायच्या आत पंजा वर झाला. "थांबा. दिवे लावा." तो पडद्यासमोर आला. त्या दिवशी भलताच खूश दिसत होता. पहिल्या रांगेत नवा चेहरा बघून म्हणाला, "माई, तुम्ही धारच्या पाहुण्या. तुम्ही सांगा. काय पाहिलंत?"

आई उठून उभी राहिली. पदर सारखा केला. शाळेतल्या मुलीसारखी खाली बघत म्हणाली, "ज्यांना बघायला आले, ते काही दिसले नाहीत."

त्याला ती टीका वाटली, आणि टीका त्याला फार आवडायची. "बरोबर! कुणीच दिसत नाही! तीच तर मजा आहे," तो हात चोळत म्हणाला. "ह्या पिक्चरच्या सुरुवातीला अमझेऱ्याचा बाजार होता. नुसता बाजार. माणसं येताहेत, जाताहेत, कॉलरला कुणी हात घालत नाही. काल मी आणि बाबूने तो कापून काढला. आता बघा, अंधारातून थेट टापा! सगळे कसे ताठ बसलात! दिग्दर्शकाला जे सुचलं नाही ते आपण देवासात करून दाखवलं."

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भाड्याने आणलेल्या पिक्चरला घरी कात्री लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आम्हाला तेव्हा कळलं की ही त्याची नेहमीचीच सवय होती. शनिवारी बाबूबरोबर मागच्या खोलीत बसून तो सुरुवाती दुरुस्त करायचा.

मी उठले. "त्या बाजारात माझे वडील होते," मी म्हटलं. "ते वारले. आईने वर्ष पाळलं म्हणून तिने पाहिला नाही. त्यांना बघायला ती धारहून आली आहे."

आता हा माफी मागेल असं सगळ्यांना वाटलं असणार. तो कपाळाला आठ्या घालून विचार करत होता.

"कुठे?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"चित्रात कुठे? मी तो तुकडा कितीदा पाहिलाय, वहिनी. तिथे बघण्यासारखं कुणी नाही."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे मला खाली बसवायला बघत होते आणि मी बसत नव्हते. शेवटी मशीनमागून बाबूच मधे पडला. "भाभीजी, टुकड़ा फेंका नहीं है. डिब्बे में रखा है."

"उद्या बघू," हा म्हणाला. आणि पंजा वर केला. "दिवे बंद."

पिक्चर पुढे सुरू झाला! आई माझा हात ओढत होती. "बस खाली. लोक पिक्चर बघताहेत." आणि ती शेवटपर्यंत बसली, मधेच उठून जाणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसून पडद्याकडे न बघता त्याच्या पाठीकडे बघत होते. माणसाचा असा राग मला आधी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही.

सोमवारी दुपारी आमच्या क्वार्टरसमोर टांगा थांबला. आधी बाबू उतरला, मग मशीन आणि रिळांची पेटी, मग हा. अर्धी रजा टाकून आला होता म्हणे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आत येऊन म्हणाला, "पांढरी भिंत कुठली आहे?"

भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. खिडकीला सोलापुरी चादर लावली. त्याने डब्यातून तो तुकडा काढला. नाना येऊन जातात तेवढाच भाग त्याने मला विचारून विचारून वेगळा केला आणि त्याची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवली. मोठ्या बांगडीसारखं कडं झालं ते. बाबूने ते मशीनमध्ये घातलं आणि लोंबणारा भाग पेन्सिलीवर धरून उभा राहिला. "साब, ऐसे तो ये घूमता ही रहेगा," तो म्हणाला.

"घूमने दो."

भिंतीवर बाजार आला. आवाज बंद ठेवला होता, नुसती मशीनची घरघर. आणि ह्याचं तोंड लगेच सुरू झालं. "माई, आता वर बघा, कॅमेरा तिथून खाली उतरतो, म्हणजे आपली नजर..."

"जरा गप्प बसता का?" आई म्हणाली.

परक्या पुरुषाशी ती अशी कधी बोलली नव्हती. तो गप्प बसला.

डावीकडून नाना आले. छत्री, टोपी, ओढता पाय. ओलांडलं, गेले. आणि पुन्हा डावीकडून आले. आईने तोंडावर हात ठेवला होता तो हळूहळू खाली घेतला. नाना पुन्हा आले. आई पुढे सरकली, भिंतीला हात लागेल इतकी पुढे. "बटण लावलंय," ती म्हणाली. मग हसली. मग पदराने डोळे पुसायला लागली, पण भिंतीवरची नजर काढली नाही. नाना येत होते आणि जात होते. मी रडत होते. बाबूही दुसरीकडे बघत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"पुरे करा आता," आई एकदम म्हणाली. "किती चालवाल त्यांना? गुडघे दुखत असतील."

बाबूने पंजाची वाट न बघता मशीन बंद केलं.

मी चहा टाकायला उठले. ह्याला द्यायचा की नाही, हा प्रश्न मनात होताच. आई त्याला म्हणाली, "आता हे होतं तिथे परत लावा."

आणि ह्या माणसाने, आमच्या घरात, माझ्या आईसमोर बसून काय म्हणावं? "माई, सुरुवात ढिली होईल हो."

"होऊ दे," आई म्हणाली. "माणसांना चालायला जागा लागते."

त्याने वाद घातला नाही. आमच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून दोघांनी ते कडं उलगडलं, सगळा बाजार रिळाला पुन्हा जोडला आणि संध्याकाळच्या बसने पेटी इंदूरला गेली. चहा मी दिला. बिनसाखरेचा झाला होता, चुकून नव्हे. त्याने तो सगळा प्यायला.

त्यानंतर मी मंडळाच्या पिक्चरला गेले नाही. ऐकू यायचं की कडी अजून लागते, पंजा अजून वर होतो. मग घरोघरी टीव्ही आले. रविवारी संध्याकाळी लोक आपापल्या घरात, हवं तेव्हा उठत-बसत, शेवेच्या बशा मांडीवर घेऊन पिक्चर बघायला लागले, आणि मंडळाचा हॉल लग्नांना भाड्याने जायला लागला. मला आनंद झाला, कबूल करते. तो निवृत्त झाला आणि धारला बहिणीकडे राहायला गेला. तिथेच पुढे वारला. बातमी ह्यांनी कारखान्यातून आणली. मी म्हटलं, बरं, आणि पोळ्या लाटत राहिले.

पण तो देवास सोडून गेला त्या दिवशी मी त्याला भेटले होते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. मी बसस्टँडवर कुणाला तरी पोचवायला गेले होते आणि हा धारला जायला इंदूरच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला. अंगाने उतरला होता. मला बघून हाक मारली.

"वहिनी, तुमच्या आईंनी माझं फार नुकसान केलं."

मी खिडकीजवळ गेले.

"सुरुवात बघायला बसतो," तो म्हणाला. "कॅमेरा मला एकीकडे नेतो आणि मी मागेच राहतो, कडेला कोण उभं आहे ते बघत. हा कुणाचा असेल, ती कुणाची असेल. परवा टीव्हीवर नायक येऊन गेलेला मला कळला नाही. पुढचं काही हाती लागत नाही मग."

"बरं झालं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

तो हसला. मला त्याचं हसू त्याआधी आठवत नाही. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली तसा तो खिडकीतून बाहेर वाकला.

"तुमच्या वडिलांच्या मागून एक बाई जाते. डोक्यावर टोपली आहे, कडेवर मूल आहे. ते मूल आपल्याकडे बघून हात हलवतं. ती कुणाची असेल हो?"

बस गेली. मी तिथेच उभी राहिले. त्या दुपारी आमच्या भिंतीवर तो तुकडा मी किती वेळा पाहिला असेल, आणि मला त्यात कुठलीही बाई दिसली नव्हती.